छपराखालची ताई

शनिवार, ८ नोव्हेंबर. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. पुढे कोणी म्हणायला नको की बाईंना वयामुळे नीट आठवत नाही. हॉलमधलं घड्याळ पाहिलं, मनगटावरचं पाहिलं. दोघांचं एकमत होतं.

त्या वेळी, टेबलावरच्या छोट्या रेल्वे बनवणाऱ्या आमच्या हौशी मंडळाच्या प्रदर्शनात, चहाच्या टेबलामागच्या भिंतीवर मला माझं स्टेशन दिसलं. मी स्पर्धेला दिलेल्या तीन फोटोंपैकी नव्हे. ते तिन्ही समोरच्या भिंतीवर आपापल्या जागी होते. हा चौथा. मी न काढलेला, मी न दिलेला. खाली नाव नाही, नुसता आकडा — सतरा.

माझंच स्टेशन! पुलावरून खाली पाहिल्यासारखा कोन, मी कॅमेरा लावते तोच. पत्र्याचं उतरतं छप्पर, त्याचे खांब, खांबाशी बाक. बाकावर निळ्या कपड्यातली बाहुली, म्हणजे माझी मोठी बहीण, ताई; पायाशी ट्रंक. दोन वर्षं कंबर मोडून मी जे टेबलावर उभं केलं, ते कोणीतरी माझ्या खोलीत शिरून टिपलं आणि स्वतःचं म्हणून टांगलं. हातात चहा होता. तो न पिताच ठेवला.

सेक्रेटरीला गाठलं. हे गृहस्थ जन्मभर विमा विकत होते; अजूनही हसतात ते पॉलिसी गळ्यात मारायची असल्यासारखे.

"बाई, नाव निकालानंतर. रविवारी तेवीस तारखेला."

"मला आत्ता हवंय."

"नियम आहे ना. परीक्षकांपर्यंत नावं जाता कामा नयेत म्हणून तुम्हीच गेल्या वर्षी भांडून करून घेतलात."

खरं आहे. नियम चांगलाच आहे. पण तो चोरांना लपायला केला नव्हता.

'फोटोंचे फोटो काढू नयेत' अशी पाटी आहे. तिच्याच खाली उभी राहून मोबाइलवर काढला. काच चमकते, वरचा कोपरा वाया गेला. असू दे. हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात मी जन्म काढला. याहून वाईट फिल्म्स पाहिल्यात, आणि डॉक्टर येण्याआधी काय ते ओळखलंय.

रविवार, ९ नोव्हेंबर

थंड डोक्याने विचार करायचा. कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या, रागात लिहू नका, अक्षर बिघडतं. माझं अक्षर बिघडलेलं नाही.

मागच्या खोलीत कोण कोण जाऊ शकतं? खोलीला कुलूप नाही, कारण घरात चोर असतील असं मला वाटलं नव्हतं. घर दादाचं आणि माझं, अर्धं अर्धं. दादा, त्याची बायको म्हणजे वहिनी, आणि मी. तीन म्हाताऱ्यांचं घर. टेबल खोलीबाहेर निघत नाही. सुताराने आतच ठोकलं आणि दारातून जाणार नाही हे सगळं झाल्यावर सांगितलं. तेव्हा फोटो काढायला माणसालाच आत यावं लागतं.

फोटोवाल्याने टेबल पाहिलंय. माझे फोटो तोच छापतो. सप्टेंबरमध्ये प्रकाश कसा लावावा हे दाखवायला आला होता आणि मी स्वयंपाकघरात चहा करत होते. चहा उकळेपर्यंत माणूस काय काय करू शकतो!

सेक्रेटरीही एकदा आला होता. "वा वा, अगदी खरं वाटतं" म्हणाला. खरं वाटतं म्हणणाऱ्यांवर लक्ष ठेवायला हवं होतं.

वहिनी धूळ झटकायच्या निमित्ताने जाते. मी मना केलंय, कारण फडक्याला लागून एकदा दिव्याचा खांब गेला. तरी जाते. मला कळतं. सुगंधी तेलाचा वास मागे राहतो.

आणि दादा. दादा जात नाही. एकदाच गेला होता.

सोमवार, १० नोव्हेंबर

वहिनीने आज आपणहून विचारलं, "वन्सं, प्रदर्शन कसं काय होतं?" दोन वर्षांत पहिल्यांदा. एरवी माझ्या स्टेशनाला ती "तुमचा तो पसारा" म्हणते.

"चांगलं होतं. एक फोटो फारच चांगला होता," असं मी म्हणाले आणि तिचं तोंड पाहत राहिले.

तिने कणीक मळायला घेतली. मळून ठेवलेली कणीक पुन्हा मळली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सबंध दुपार कॉम्प्युटरसमोर. डावीकडे माझा तिसरा फोटो, उजवीकडे सतरा नंबर. जुनी आणि नवी फिल्म शेजारी लावून पाहायची सवय हाताला आहे.

सारखं काय आहे ते आधी. छप्पर, बाक, दिव्याचा खांब, पाण्याची टाकी. गवत तेच, रंगवलेल्या भुशाचं. रूळांमधली काळपट माती तीच; माझी तर वाळवलेल्या चहाच्या चोथ्याची आहे. फोटोच्या कडा विरघळल्यासारख्या धूसर आहेत. लहान वस्तू फार जवळून टिपली की असंच होतं. छोट्या स्टेशनाच्या फोटोची ती खूणच.

आता फरक. ताईच्या शेजारी एक माणूस उभा आहे. टोपीवाला, मान खाली. माझ्या फलाटावर असा माणूस नाही. ताईच्या मांडीवर पांढरं बोचकं आहे, तेही माझं नाही. म्हणजे चोराने विकतच्या बाहुल्यांच्या पाकिटातला एक माणूस आणून उभा केला, एक बोचकं चिकटवलं, आणि नवीन चित्र केलं. चलाख आहे. परीक्षेत शेजारणीचं उत्तर उतरवून काढताना एक शब्द बदलणाऱ्या मुली मी पाहिल्यात. सिस्टर पट्टी मारायच्या ती त्यांनाच.

पण चोराला एक गोष्ट माहीत नाही, आणि तिथेच तो सापडणार.

ते छप्पर खोटं आहे!

म्हणजे छप्पर खरं, ताईही खरी. पण दोघं एकत्र कधीच नव्हती. बाबा या खऱ्या स्टेशनाचे मास्तर. आम्ही फलाटामागच्या क्वार्टरमध्ये राहायचो. ताई घर सोडून गेली तेव्हा मी सात वर्षांची. कोणाबरोबर गेली त्याचं नाव आमच्याकडे घेत नसत. पुढे तिचंही घेत नसत. ती निळ्या कपड्यात ट्रंकेवर बसली होती, उघड्या फलाटावर, उन्हात. बाकही नव्हता. मी पुलावरून पाहिलं. वर्षभराने आईने स्वयंपाकघरात सांगितलं, "ताई तापाने गेली. आता विषय नको." बाबा उठले. टोपी घालून ड्यूटीवर गेले.

छप्पर त्याच्यानंतर आलं. मला बोर्डिंगला पाठवलं त्या जूनमध्ये. हिरवा रंग ओला होता, नव्या मोज्यांना लागला, आणि कॉन्व्हेंटात पाऊल टाकताच पहिली बोलणी मी त्यावरून खाल्ली. विसरणं शक्य नाही.

मग मी तिला छपराखाली का बसवलं? फोटोसाठी. उघड्या फलाटावर ती बाहुली फार एकटी दिसायची. छपराखाली ठेवली आणि चित्र जुळून आलं. माझं टेबल, माझी ताई. लबाडी आहे, पण माझी आहे. जगात ही बाई या छपराखाली कधी बसलेली नाही. फक्त माझ्या टेबलावर बसली.

तेव्हा ज्या फोटोत ती छपराखाली आहे, तो माझ्या टेबलाचाच. पुरावा यापेक्षा काय हवा?

बुधवार, १२ नोव्हेंबर

फोटोवाल्याकडे जाऊन आले. मोबाइल समोर धरला.

"हा तुम्ही छापलात?"

त्याने चष्मा वर केला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "नाही बाई. आमच्याकडचा नाही."

"कशावरून?"

"आम्ही असे रंग देतच नाही. हे कोणीतरी हाताने भरलेत बघा. गालाला पण लावलाय."

"कोणाच्या गालाला? बाहुलीला गाल असतो होय?"

"मग मला काय माहीत," म्हणाला. "तुम्हीच म्हणालात ना बाहुली आहे म्हणून."

आगाऊ. पण हाताने भरलेले रंग हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कारण हाताने फोटो रंगवणारा, फोटोतला नको तो माणूस पुसणारा आणि हवा तो घालणारा मनुष्य माझ्या घरातच राहतो. दादाने छापखान्यात जन्मभर दुसरं केलंच नाही. मंत्र्यांची टक्कलं त्याने झाकली आहेत.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज वहिनीच्या तोंडून निसटलं.

मी विचारलं, दादा कुठे गेला उन्हाचा? तर म्हणाली, "गेले असतील तुमच्या त्या हॉलवर. रोज जातात." आणि जीभ चावली. खरोखरीची चावली, मी पाहिलं.

रोज! हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. हा माणूस गुडघे दुखतात म्हणून गच्चीवर येत नाही. माझं टेबल पाहायला चार पावलं चालत नाही. आणि तिकडे रोज जिने चढतो!

ऑगस्टमध्ये एकदाच खोलीत आला होता ते आता नीट आठवते. मी फलाट चिकटवून नुकतीच ताईला बसवत होते. तो दारात उभा राहिला. मग आत येऊन स्टुलावर बसला.

"छपराखाली का बसवलीस?"

"छान दिसते म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच. का, चुकलं का काही?"

"नाही," म्हणाला. "बाईसाहेब, तुमचं कधी चुकतं का?" मला चिडवायचं असलं की तो बाईसाहेब म्हणतो. पण तेव्हा हसला नाही. बराच वेळ बसून होता. मला वाटलं, खोड काढायला बसलाय. आता वाटतं, कुठून कॅमेरा धरावा ते पाहत होता.

शनिवार, १५ नोव्हेंबर

जेवताना विषय काढला. सरळ नाही, आडून.

"प्रदर्शनात चोरीचा एक फोटो लागलाय."

दादाने घास तसाच धरला. वहिनी म्हणाली, "चोरीचा कसा असेल?"

"तुला काय माहीत कसा असेल?"

"मला कुठे माहीत, मी आपलं म्हटलं."

"वहिनी, तू आपलं कधी म्हणतेस?"

दादा म्हणाला, "नीट पाहिलास का फोटो?"

"पाहिला. वाचला म्हण. चोराने एक माणूस जास्तीचा उभा केलाय."

"जास्तीचा."

"टोपीवाला. दिसायलाच उपरा. कोणाचा कोण, ताईशेजारी जाऊन उभा."

तर दादा उठला. हात धुवून खोलीत गेला. ताटात अर्धं अन्न. वहिनी माझ्याकडे अशी पाहत राहिली की जणू मीच काही फोडलं. "वन्सं," म्हणाली, "तुमच्या जिभेला हाड नाही."

जिभेला कोणाच्याच नसतं. एवढं शरीरशास्त्र मला येतं.

रविवार, १६ नोव्हेंबर

ठरवलं. सतरा नंबर माझ्याच खोलीत कसा काढला ते दाखवून द्यायचं. अगदी तसा फोटो काढायचा आणि दोन्ही फोटो परीक्षकांपुढे ठेवायचे. निकालाआधी.

कॅमेरा तिपाईवर, पुलाच्या उंचीला. ताईशेजारी पाकिटातला एक टोपीवाला उभा केला. मांडीवर कापसाचं बोचकं. खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते, तिथून ऊन येत नाही. दुपारी पडदा ओढला की पुरे. दिवा डावीकडून लावला.

सावल्या उजवीकडे गेल्या. फोटोत डावीकडे आहेत. दिवा उजवीकडे नेला. सावल्या लांब झाल्या. दिवा वर धरला. आखूड. सबंध दुपार मी दिवा हातात घेऊन देवळातल्यासारखी टेबलाभोवती फिरले. कोन जुळला तर लांबी जुळेना. उद्या परत.

सोमवार, १७ नोव्हेंबर

नाही जमलं. चोराकडे कुठला दिवा आहे?

मंगळवार, १८ नोव्हेंबर

वहिनीने जेवायला दोनदा हाक मारली. तरी लिहिते.

आज सतरा नंबर मोठा छापून आणला आणि पट्टी घेऊन बसले. छपराच्या प्रत्येक खांबाच्या सावलीवर पेन्सिलने रेघ ओढली. मग दिव्याच्या खांबाच्या, बाकाच्या, टोपीवाल्याच्या. सगळ्या रेघा समांतर. एकही इकडेतिकडे नाही.

मग माझ्या कालच्या फोटोवर तेच केलं. माझ्या रेघा पंख्यासारख्या पसरल्या.

दिवा लांब नेला. दारात, मग बाहेरच्या पॅसेजमध्ये, मग पार समोरच्या भिंतीला टेकवून. पंखा मिटत गेला, पण पुरता मिटला नाही.

आणि मग मीच माझ्या कपाळावर हात मारला. हे मला माहीत नाही तर कोणाला? छातीचा एक्स-रे काढताना मशीन लांब का ठेवतात हे मी शिकाऊ पोरींना वर्षानुवर्षं शिकवलंय. जवळून काढला की सावली पसरते, बरं असलेलं हृदय फुगलेलं दिसतं. सावली खरी हवी तर उजेड लांब हवा. जितका लांब तितकी सरळ.

इतक्या सरळ सावल्या पाडणारा दिवा माझ्या खोलीत मावत नाही. या घरात मावत नाही. तो दिवा एकच आहे आणि तो सकाळी उगवतो.

टेबल खोलीबाहेर निघत नाही. खोलीत ऊन येत नाही.

तेव्हा सतरा नंबर माझ्या टेबलाचा नाही. ते स्टेशन लहान नाही. ते खरं आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सकाळी हॉलवर गेले. सेक्रेटरी मला पाहून खुर्चीमागे गेला. मी आवाज चढवला नाही, त्याने तो जास्तच घाबरला.

"सतरा नंबर स्पर्धेतला आहे की नाही, एवढंच सांगा. नाव विचारत नाही."

"नाही हो बाई, त्या दिवशी तुम्ही आकडा सांगितलाच नाहीत, मला स्पर्धेतलाच वाटला. यंदा आम्ही खऱ्या रेल्वेच्या जुन्या फोटोंचा एक कोपरा केलाय, दाराजवळ. तिथे जागा संपली म्हणून दोन-तीन इकडे लावले."

"आणि सांगितलं नाहीत!"

"आकड्याच्या कागदाचा रंग वेगळा आहे. पिवळा." मग जरा पुढे वाकला. "आता स्पर्धेतला नाहीच, तर नाव सांगायला हरकत नाही. तुमच्या दादांनी दिलाय. तुम्हाला आवडेल म्हणाले. रोज येऊन तिथे खुर्ची टाकून बसतात. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

म्हणजे चोरी नाही. दादाने बाबांच्या पेटीतल्या कुठल्याशा जुन्या फोटोला रंग भरले आणि टांगला. लहान असताना बाबांचा डबा-कॅमेरा घेऊन तो पुलावर असायचाच. कडा धूसर आहेत त्या त्या डब्याच्या भिंगामुळे. ठीक. झालं समाधान.

बाकावरची बाई कोणी उतारू असेल. निळा रंग दादाने दिला, म्हणून मला ताई वाटली. हा त्याचा खोडसाळपणा. माझ्या टेबलावरची निळी बाहुली पाहिली आणि कोणा परक्या बाईला निळं रंगवलं. चेष्टेला काही मर्यादा?

गुरुवार, २० नोव्हेंबर

दादाला विचारलं. तो गॅलरीत पेपर वाचत होता. म्हणजे पेपर पुढे धरला होता.

"तो फोटो तू दिलास."

"हं."

"बाकावरची बाई कोण?"

पेपर खाली गेला नाही.

"दादा, ते छप्पर मी बोर्डिंगला गेले तेव्हाचं आहे. रंग ओला होता. माझ्या मोज्यांना लागला. त्याआधी ताई जाऊन वर्ष झालं होतं. तिथे ताई असणं शक्य नाही. मग ती कोण?"

"मी बोलणार नाही."

"का?"

"बाबांना शब्द दिलाय. ती कधी बोलण्यात काढायची नाही. तुझ्याजवळ तर नाहीच."

"मग टांगलास कशाला?"

"टांगणं म्हणजे बोलणं नव्हे," म्हणाला. असला वकिली जवाब त्याने जन्मात दिला नसेल. मग पेपर खाली केला. डोळे लाल होते. "रोज जाऊन बसत होतो. म्हटलं, तू कधीतरी त्या भिंतीपुढे नीट उभी राहशील. तर तू चोर शोधत सुटलीस."

वहिनी आतून आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. तिला सगळं माहीत आहे. या घरात मी एकटीच पाहुणी आहे.

"एवढं तरी सांग," मी म्हणाले, "मी तिला छपराखाली बसवली तेव्हा तू तसा का बघत होतास?"

दादाने घडी घातलेल्या पेपरची परत घडी घातली.

"तू तिला बरोबर जागी बसवली होतीस," म्हणाला. "आणि तुला ते माहीतच नव्हतं."

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सकाळी उजेडात भिंग घेऊन पाहिला. टोपीवाला उपरा नाही. दोन्ही झेंडे गुंडाळून डाव्या काखेत आणि उजवा हात पाठीशी. असे झेंडे धरणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. ताईच्या मांडीवरच्या बोचक्याला टोपडं आहे. एक मूठ बाहेर आली आहे, आणि बाबा मान खाली घालून त्या मुठीकडे बघताहेत. म्हणजे आईने सांगितलेला तो ताप खोटा.

दादाच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली. तिची नक्कल इथे ठेवते:

दादा,

तू बोलणार नाहीस असं बाबांना कबूल केलंस. लिहिणार नाहीस असं केलेलं नाहीस. तेव्हा लिही. ताई त्या स्टेशनावर किती वेळा आली? बाळ मुलगा की मुलगी, आणि नाव काय ठेवलं? मला कॉन्व्हेंटात घातलं ते शिकण्यासाठी, की मी दिवसभर पुलावर असायचे म्हणून? ताई आहे का? असल्यास पत्ता.

रविवारी पाच वाजता प्रदर्शन बंद होईल आणि फोटो भिंतीवरून उतरेल. तो मी घेणार आहे आणि जिथे न्यायला हवा तिथे नेणार आहे. उत्तर लेखी, सुवाच्य अक्षरात, खाली सही करून, रविवार तेवीस नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या दाराखालून यावं. तोंडी सबब ऐकून घेतली जाणार नाही.